एकशे सदतीसचं बटण

शिडीताई कशाला म्हणून भीत नाही, असं आमच्या संशोधन केंद्रात सगळे म्हणत. मी म्हणत नसे. नऊ वर्षं मी तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले आहे. बांधावर साप निघाला तर ती चार पावलं बाजूला होऊन त्याला जाऊ द्यायची. मधमाश्या उठल्या तर कॉलर वर करून खोडाला टेकून गप्प बसायची. साहेब ओरडू लागले की त्यांच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत राहायची, तेवढी ती उंचच होती. पण पेन्सिल खाली पडली की ती कधी कमरेत वाकायची नाही. आधी एक गुडघा टेकायची, मग दुसरा, आणि ताठ पाठीनेच हात खाली न्यायची. एका पेन्सिलीसाठी केवढा हा सोहळा, असं मी चिडवायचे. ती हसायची नाही. हसली नाही तिथेच मी ओळखायला हवं होतं.

तिचं काम झाडं मोजायचं. केंद्राच्या भोवती अकरा शेतं आहेत, त्यांच्या बांधांवर वाऱ्याला आडोसा म्हणून निलगिरीच्या रांगा आहेत. एकूण चारशे बारा झाडं. दरवर्षी पिकं निघाली की पंधरा दिवसांत प्रत्येक झाडाच्या खोडाला टेप गुंडाळायची, घेर वाचायचा आणि वहीत लिहायचा. तिने बावीस वर्षं हेच केलं. संध्याकाळी ती वही उघडून आकडे वाचायची आणि मी ते संगणकात भरायचे. "एकशे बारा, शहाण्णव पॉइंट चार," असं ती म्हणायची आणि पुढे स्वतःचंच घालायची, "याच्याकडे बघू नकोस, यंदा रुसलाय." मला ते झाड माहीत नसायचं, तिला मात्र रुसवाही ठाऊक असायचा.

घेर मोजायचा तो जमिनीपासून एकशे सदतीस सेंटिमीटरवर, आपल्याकडे हाच नियम. वर घेतला तर खोड बारीक, खाली घेतला तर जाड, म्हणून दरवर्षी उंची तीच हवी. केंद्र शेजारच्या जंगलातली झाडंही मोजतं; त्यांच्यावर यासाठी रंगाचं कडं मारलेलं आहे, आणि तिथली मोजणी करणारा माणूसही वेगळा. निलगिरीची साल मात्र दरवर्षी सुटून पडते आणि रंगही तिच्याबरोबर जातो. खिळा ठोकावा तर शेतकरी अंगावर येतात, कारण पुढे करवतीचं पातं त्यावर तुटतं. मग उरते काठी, एकशे सदतीसवर खाच पाडलेली. पण शिडीताई कामाला लागली तेव्हाच्या साहेबांनी तिला भिंतीशी उभं केलं, मोजलं आणि खूश होऊन म्हणाले, "अगं, तुझ्या शर्टाचं पहिलं बटण बरोबर एकशे सदतीसवर येतं. तुला काठी कशाला?" उंची एकशे बहात्तर. शाळेत जिला सगळ्यांनी शिडी म्हणून रडवलं, तिची उंची पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आली. ती एकाच मापाचे शर्ट शिवून घ्यायची, एकाच उंचीच्या टाचांचे बूट वापरायची, आणि बटणासमोर टेप धरायची. काठी कपाटामागे पडली ती पडलीच. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी स्वतःला फार चौकस समजते.

भीतीचं कारण तिची आई. आईही तरुणपणी अशीच उंच होती म्हणे. साठीनंतर तिचं एकेक हाड चेपत गेलं, पाठीला बाक आला, तो वाढतच राहिला, आणि शेवटी तिला स्वतःच्या पायांखेरीज काही दिसेना. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. दोन खोल्या, खिडकीशी पलंग, त्यावर एवढीशी मुटकुळी. आई म्हणाली, "तोंड दाखव गं, कोण आलंय?" तर शिडीताईने मला फरशीवर बसवलं. आईला माणसाचं तोंड बघायचं तर माणसाने जमिनीवर बसून वर बघायचं, अशी त्या घराची रीत झाली होती. ताई तीन वर्षं रोज तिला उचलून न्हाणीत नेत होती, उचलून परत आणत होती. लग्न केलं नव्हतं, भाऊबहीण नव्हती. चार वर्षांपूर्वी आई गेली. शेवटी तिला शवपेटीत सरळ निजवता येईना, तेव्हा काय करावं लागलं ते ताईने मला एकदाच सांगितलं. मी ते लिहिणार नाही.

त्यानंतर ती सकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळायची, म्हणजे पाठ ताणली जाते. भांडंभर दूध प्यायची. पण कुणी तिची उंची मोजायला टेप काढली की ती काहीतरी काम काढून बाहेर जायची. केंद्रात दरवर्षी सगळ्यांची तब्येत तपासतात, त्याचे फॉर्म मीच भरते. उंचीचा रकाना आला की ती म्हणायची, "मागचीच लिही गं. माणूस काय झाड आहे, दरवर्षी मोजायला?" मी हसायचे आणि एकशे बहात्तर लिहायचे. नऊ फॉर्म, नऊ वेळा एकशे बहात्तर.

गेल्या वर्षी आमच्या संशोधक बाईंनी बावीस वर्षांचे आकडे एकत्र लावले. बाई माझ्याहून लहान, पण कामाला वाघीण. दुपारी मला हाका मारून त्यांनी पडद्यावरची रेघ दाखवली. चार वर्षांपूर्वी पाऊस निम्माच झाला होता. जंगलातली झाडं त्या वर्षी जेमतेम वाढली. बांधावरची निलगिरी मात्र नेहमीपेक्षाही जास्त फुगली. फार नाही, झाडामागे तीन-चार मिलिमीटर, पण चारशे बाराच्या चारशे बारा. त्याच्या पुढच्या वर्षांतही थोडं थोडं जास्तच.

"दुष्काळात यांना पाणी कुठून मिळालं?" बाई म्हणाल्या. "पिकाचं पाणी पितायत ही झाडं. दुसरं काय असणार?"

त्यांनी तसा अहवाल लिहायला घेतला. बांधावरची निलगिरी पिकाचं पाणी चोरते, रांगा कमी कराव्यात. तो एकदा बाहेर गेला की अकरा शेतांतच नव्हे, सगळीकडेच कुऱ्हाडी निघणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. म्हणून पाठवण्याआधी खात्री हवी. बाईंनी मला नवी काठी करून दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही ताईंबरोबर जा. वीस झाडं पुन्हा मोजा. टेपचा काही दोष नाही ना, एवढंच बघून या."

आम्ही सकाळी नऊला निघालो. ऊन कोवळं होतं, नांगरलेल्या शेतात चालताना ढेकळं फुटत होती. पहिल्या झाडाशी मी काठी टेकवली. शिडीताईने सवयीने टेप गुंडाळली, बटणासमोर धरली. मी काठीची खाच बघितली आणि टेप बघितली. टेप खाली होती. चांगली तीन-चार बोटं खाली.

"काठी चुकलीय," ताई म्हणाली.

मला पण तसंच वाटलं. मी पिशवीतली पोलादी टेप काढून काठी मोजली. खाच बरोबर एकशे सदतीसवर होती. मी पुन्हा मोजली. मग म्हटलं, जमीन उंचसखल असेल, दुसऱ्या झाडाशी बघू. दुसऱ्या झाडाशीही तेच. तिसऱ्या झाडाशी टेप खाचेसमोर आली आणि मी सुटकेचा श्वास टाकणार, एवढ्यात माझी नजर खाली गेली. शिडीताईने टाचा उचलल्या होत्या. ती चवड्यांवर उभी होती आणि तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. ती हळूहळू टाचा टेकून उभी राहिली आणि टेप पुन्हा खाली आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझं म्हणाल तर मला आधी राग आला. बावीस वर्षं एक साधी काठी हातात धरता येत नाही? मग लक्षात आलं, काय झालंय ते, आणि माझ्याही तोंडचं पाणी पळालं. झाडं फुगली नव्हती. टेप खाली आली होती, कारण बटण खाली आलं होतं, कारण ताई खाली आली होती.

"बाईंना सांगू नकोस," ती म्हणाली.

"ताई, अगं झाडं तोडतील लोक. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल ही."

"कळतंय मला. मला शिकवू नकोस." तिने खोडावर हात ठेवला, तोल सांभाळल्यासारखा. "सांगितलंस तर मला खुर्चीत बसवतील. बसले की मी वाकणार. आई बसली तेव्हापासूनच वाकली. आणि बावीस वर्षांच्या वह्या? त्या केरात. कुठलं वर्ष खरं नि कुठलं खोटं, हे कोण सांगणार? मलाच माहीत नाही, तर कोण सांगणार?"

 आम्ही उरलेली झाडं न मोजता परत आलो, आणि ताईला बरं वाटत नाही असं मी बाईंना सांगितलं. ते खोटं नव्हतं, एवढंच माझं समाधान.

दोन दिवस ती आली नाही. ते दोन दिवस माझी पाचावर धारण बसली होती. बाई पलीकडच्या खोलीत अहवाल लिहीत होत्या, कळफलकाचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, आणि मी शेजारी बसून ताकास तूर लागू देत नव्हते. नऊ फॉर्म डोळ्यांसमोरून हलत नव्हते. त्यांतल्या शेवटच्या चारांतला एक जरी खरा भरला असता तरी त्या वर्षी आम्हाला कळलं असतं. गंमत म्हणून केलं होतं मी ते.

तिसऱ्या दिवशी शिडीताई आली ती थेट बाईंच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. तिने टेबलावर क्ष-किरणाची काळी फिल्म ठेवली आणि उभ्यानेच म्हणाली, "बाई, तुमची रेघ झाडांची नाही. माझी आहे."

मग तिने सगळं सांगितलं. बटण, काठी, चवडे, काही लपवलं नाही. डॉक्टरकडे जाऊन आली होती. कण्यातली दोन हाडं चेपलीत, तिसऱ्याची सुरुवात दिसते, असं ते म्हणाले होते. त्यांनी विचारलं, उंची कधीपासून कमी झाली? एकदम गेली, की दरवर्षी थोडी थोडी जातेय? एकदाच काही लागून चेपलं असेल तर एक उपाय, आणि आपोआप झिजत असेल तर दुसरा, जास्त जपावं लागेल असा. जुन्या नोंदी आणा म्हणाले.

"जुन्या नोंदींत सगळीकडे एकशे बहात्तर आहे," ताई म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही, ही तिची माया. "खरी नोंद फक्त झाडांकडे आहे. बाई, दरवर्षी मी केवढी होते ते मला काढून द्या. थांबलंय की चालू आहे, एवढंच मला कळायला हवं. मला झोप लागत नाही हो."

बाईंचा अहवाल तिथल्या तिथे मेला होता. त्या आधी चिडल्या. "बावीस वर्षं! आणि एवढ्या मोठ्या केंद्रात एकालाही काठी आठवली नाही?" असं बऱ्याच जोरात म्हणाल्या, साहेबांच्या खोलीपर्यंत जाईल इतक्या जोरात. मग फिल्म उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, मलाही नाही. शेवटी म्हणाल्या, "करता येईल. बसा."

चार दिवस लागले. आम्ही बारा झाडं निवडली. बारीक पोकळ सळई खोडात फिरवून काडीएवढा गाभा काढला. त्यावर वर्षावर्षाची वलयं दिसतात, म्हणजे झाड खरोखर किती वाढलं ते कळतं. दुष्काळाच्या वर्षाचं वलय केसाएवढं होतं. बिचारी झाडं इतरांसारखीच तहानेली राहिली होती. मग तीच झाडं एकशे पंचवीसपासून एकशे चाळीसपर्यंत दर सेंटिमीटरला मोजली. खरा घेर केवढा हवा होता आणि ताईने केवढा लिहिला, यातल्या फरकावरून त्या वर्षी टेप किती खाली होती हे निघतं. चारही दिवस टेप ताईनेच धरली, काठीच्या खाचेशी. बाईंनी तिला बस म्हटलं तरी बसली नाही.

पाचव्या दिवशी बाईंनी आम्हाला बोलावलं. कागदावर वर्षं आणि त्यांच्यापुढे सेंटिमीटर होते. पहिल्या अठरा वर्षांपुढे शून्य, कुठे अर्धा इकडेतिकडे.

"ही वर्षं पक्की," बाई म्हणाल्या. "एकही वही केरात जाणार नाही. पुढची दुरुस्त करता येतात."

ताईने मान हलवली, पण तिचं बोट खाली सरकत होतं. एकोणिसाव्या मोजणीपुढे उणे चार होते. त्याच्याखाली आणखी एक, मग अर्धा, मग अर्धा.

"एकदम चार," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे या मोजणीच्या आधीच्या वर्षात काहीतरी झालं. पडला होतात का? आठवतं काही?"

ताई आठवू लागली. ते आईचं शेवटचं वर्ष होतं. मग तिचं बोट कागदावर थांबलं. "न्हाणीत," ती म्हणाली. "आई घसरली. मी तिला वरच्या वर धरली. पाठीत काहीतरी कट्‌ झालं. आईने विचारलं, तुला लागलं का गं? मी म्हटलं, नाही." तिने पुढे सांगितलं, "आठ दिवस दुखत होतं. पण तिला उचलायचं होतं ना रोज. मग दुखायचं थांबलं."

मला रडू आवरेना. बाईंनी चष्मा पुसायला घेतला, तो पुसतच राहिल्या. ताई मात्र रडली नाही. तिला अजून तिचं उत्तर मिळालं नव्हतं.

"ते एकदाच झालं, ठीक," ती म्हणाली. "पण हे एक, अर्धा, अर्धा? हे काय आहे? थांबलंय का?"

"अर्धा सेंटिमीटर आमच्या हिशेबाची चूकही असू शकते," बाई म्हणाल्या. "खरं सांगू? मला सांगता येत नाही. पुढच्या मोजणीला कळेल."

तो कागद घेऊन ती डॉक्टरकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या, पाठीला पट्टा आला. साहेबांनी तिला खुर्चीतलं काम देऊ केलं. तिने त्यांच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत नाही म्हटलं, आणि काठी धरायला मी बरोबर जायचं असं ठरलं. वर्षभर आम्ही आकडे भरले, अहवाल पुन्हा लिहिला, झाडांवरचा आळ गेला. वर्षभर तिने एकदाही उंची मोजू दिली नाही. डॉक्टरांनाही "माझी मोजणी बांधावर होते" म्हणून टाळलं. मी रागावले, तर म्हणाली, "कळल्यावर दुरुस्त होणार आहे का?" 

मोजणी मागच्या आठवड्यात सुरू झाली. पहिल्या झाडाशी ती खोडाला लागून ताठ उभी राहिली. मी काठी टेकवली. गेल्या वर्षी खाच तिच्या गळ्याच्या खळगीशी येत होती, ते आम्हा दोघींना पाठ होतं.

"कुठे आहे?" तिने विचारलं. ती समोर बघत होती, पार लांब, शेताच्या टोकाला.

मी बघितलं. जीभ "तिथेच" म्हणायला तयारच होती. नऊ वेळा सवय झालेली जीभ.

"एक बोट वर, ताई."

 टेप गुंडाळून तिने खाचेशी धरली. "एक. एकशे चार पॉइंट दोन," असं वाचलं.  मी लिहून घेतलं. टेप सोडवताना ती म्हणाली, "इथली माती खचलीय गं. पुढच्या झाडाशी बघ परत."

माती कडक होती, पाऊल उमटत नव्हतं. पण मी पुढच्या झाडाशी काठी टेकवली आणि डोळे बारीक करून बघितलं. एक बोट वरच होती, तसं मी सांगितलं. तिसऱ्या झाडाशी ती उभी राहिली, टेप गुंडाळली आणि घेर वाचला. तिथे तिने विचारलं नाही.